अद्भुत चित्रकथा : एका वाचकाचे मनोगत
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात शिरूर येथे केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वसतिगृहनिधीचा अहवाल आणि वधूवर सूचीचे प्रकाशन असे भारदस्त विषय असताना त्यांच्या मध्येच चित्रकथांवरील भाषण पाहून काही मंडळींस नवल वाटले असेल. हा पोरांचा विषय, यावर वडिलांनी काय बोलावे, अशी कुजबुज आमच्या कानांवरही आली आहे. परंतु वसतिगृहाच्या वाचनालयासाठी कोणती पुस्तके घ्यावीत हा प्रश्न यंदा मंडळापुढे आहे, आणि ‘चित्रांची पुस्तके नकोत’ असे मत काही सभासदांनी मांडले आहे. त्या मताचा योग्य तो आदर राखून दुसरी बाजू मांडावी, एवढ्याच हेतूने आम्ही उभे राहिलो आहो.

आम्ही काही साहित्याचे पंडित नव्हे. वडील दौंडास रेल्वेत नोकरीला आणि आजोळ येथे शिरूरास, त्यामुळे आमचे बालपण भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या काठी वाटले गेले. दौंड हे जंक्शन. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन तेथे एका टोकाकडून काढून दुसऱ्या टोकास लावावे लागे, आणि तेवढ्या वेळात उतारू चहा पीत, पाणी भरीत आणि पुस्तकांच्या गाड्यापुढे रेंगाळत. त्या गाड्यावर दोरीला चिमटे लावून टांगलेले रंगीत अंक हीच आमची पहिली चित्रशाळा. शिरूरास रेल्वे नाही. तेथे येणारे अंक एस. टी.ने येत, आणि ज्याच्या घरी अंक आला त्याच्या ओट्यावर त्या दिवशी आळीतील सारी मुले जमत.

त्या अंकांतून आम्हांस जी सृष्टी भेटली तिचे वर्णन करावयाचे तर एका वेताळाचे नव्हे, तीन वेताळांचे करावे लागेल.

पहिला वेताळ आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. तो गावाच्या शिवेवर, शेंदूर माखलेल्या दगडाच्या रूपाने बसलेला असतो. भुतांचा तो राजा, आणि तरीही गावाचा राखणदार. त्याला चित्र नव्हते आणि पुस्तकही नव्हते, त्याची कथा आजीच्या तोंडी होती.

दुसरा वेताळ ‘चांदोबा’तून आला. मद्रास येथे नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ च्या जुलै महिन्यात ‘चंदामामा’ हे मुलांचे मासिक तेलुगू आणि तमिळ भाषांत सुरू केले, आणि १९५२ साली त्याची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ या नावाने निघाली. दूर मद्रासेच्या छापखान्यातून निघालेल्या मासिकाने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील मुलांस मराठी वाचनाची गोडी लावावी, हे भाषाभाषांच्या भांडणांत विसरू नये असे ऋण आहे. खांद्यावर प्रेत, हाती उपसलेली तलवार आणि स्मशानातून चाललेला विक्रम राजा, हे शंकर नावाच्या चित्रकाराने रेखाटलेले चित्र ज्याने लहानपणी पाहिले तो ते विसरू शकत नाही. मूळ वेताळपंचविशीत कथा पंचवीस, परंतु ‘चांदोबा’ने त्याच धाटणीवर शेकडो नव्या कथा रचून घेतल्या.

या वेताळाची अट मोठी मार्मिक आहे. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होतील, आणि उत्तर दिले तर मौन मोडते, प्रेत पुन्हा झाडावर जाते आणि सारे श्रम वाया जातात. राजा तरीही प्रत्येक वेळी बोलतो. माहीत असलेले सत्य नुकसान सोसूनही सांगावे, हा धडा आम्हांस कोणत्याही सुभाषितमालेने इतका पक्का शिकविला नाही. आपल्या सभांतूनही कित्येकदा उत्तर ठाऊक असलेली माणसे गप्प बसतात, तेव्हा आम्हांस तो वेताळ आठवतो.

तिसरा वेताळ सातासमुद्रांपलीकडून आला. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला ‘फँटम’ टाइम्स ऑफ इंडिया संस्थेने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून आपल्याकडे अवतरला, आणि मराठी आवृत्तीत त्याचे नाव ‘वेताळ’ झाले. ज्याने हे नाव सुचविले त्यास मराठी मनाची नाडी अचूक सापडली होती, असे आम्ही समजतो. आमच्या आजीस अक्षरओळख नव्हती. पहिल्यांदा हे चित्र दाखविले तेव्हा तिने ते डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “ह्यो आपल्या शिवंवरचा न्हवं रं बाबा. ह्याच्या अंगाला शेंदूर कुठं हाय?” पण पुढे तीच आजी रोज सायंकाळी अंक उघडून बसू लागली. चित्रे ती वाची आणि फुग्यांतील अक्षरे आम्ही वाचीत असू. ज्या घरात पाटीवर अक्षर गिरवणारी आमची पहिलीच पिढी होती, तेथे निरक्षर आजी आणि दुसरीतला नातू यांना एकत्र बसून वाचता येईल असे दुसरे कोणते पुस्तक होते?

या वेताळाची गोष्ट थोडक्यात अशी. चारशे वर्षांपूर्वी चाच्यांनी एका जहाजावर हल्ला करून त्यावरील माणसे मारली. वाचलेल्या एकाच पुरुषाने, आपल्या पित्यास मारणाऱ्याच्या कवटीवर हात ठेवून, अन्यायाशी लढण्याची शपथ घेतली. त्याच्यामागे त्याच्या मुलाने तोच मुखवटा धारण केला, मग नातवाने. रानातील लोकांस वाटते की हा पुरुष अमर आहे. वाचकास मात्र ठाऊक असते की हा एकविसावा आहे, आणि तोही मरणार आहे. या कल्पनेने आम्हांस लहानपणीच अंतर्मुख केले. माणूस अमर नसतो, त्याने पत्करलेले काम पुढच्याने उचलले तरच ते टिकते. कोणत्याही संस्थेचा, किंबहुना आपल्या या मंडळाचा, इतिहास याहून निराळा नाही.

पण वाचकाने डोळे उघडे ठेवून वाचावे लागते. मोठेपणी तेच अंक पुन्हा चाळताना दोन गोष्टी आम्हांस खटकल्या. पहिली ही की, ते अरण्य काळ्या लोकांचे आणि त्यांचा तारणहार मात्र पिढ्यान्‌पिढ्या गोरा. साम्राज्याच्या काळातील समजुती त्या चौकटींत राहून गेल्या आहेत. मूळ कथेतील ‘बंगाला’ हा देश आपल्या बंगालची आठवण करून देतो म्हणून ‘इंद्रजाल’ने त्याचे ‘डेंकाली’ केले, परंतु नाव बदलून दृष्टी बदलत नाही. दुसरी गोष्ट अशी की, मुखवटा मिळतो तो त्या एकाच कुळातील पुत्रास. वंशाने मुखवटा मिळेल, गुण मिळतीलच असे नाही, हे ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप, चित्रकथांनी मुले बिघडतात. हा आक्षेप आपल्याकडचाच नाही. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञाने ग्रंथ लिहून असाच आरोप केला. त्यावरून एवढा गहजब झाला की, प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर कडक निर्बंध लादून घेतले. सुमारे सहा दशकांनंतर कॅरल टिली या संशोधिकेने वर्थमचे मूळ कागद तपासले, तेव्हा त्याने मुलांच्या जबान्यांत सोयीस्कर फेरफार केल्याचे दिसून आले. म्हणजे ज्या पुराव्यावर एवढी मोठी फिर्याद उभी राहिली तो पुरावाच कच्चा होता.

दुसरा आक्षेप, चित्रे आयती मिळाल्याने कल्पनाशक्ती खुंटते. आमचा अनुभव नेमका उलट आहे. चित्रकथेत दोन चौकटींच्या मध्ये एक कोरी पट्टी असते. एका चौकटीत विक्रम झाडाखाली उभा आहे, दुसरीत तो प्रेत खांद्यावर घेऊन चालला आहे. तो झाडावर कसा चढला, प्रेत कसे उतरविले, हे कोणीच दाखविलेले नाही. ते त्या कोऱ्या पट्टीत वाचकाने स्वतः घडवावयाचे असते. चलच्चित्र आपल्याच वेगाने धावते आणि प्रेक्षकास ओढून नेते. चित्रकथेत मूल हवे तेथे थांबते, मागे जाते, एकाच चित्रावर पाव तास घालविते.

तिसरा आक्षेप, हे परक्यांचे अनुकरण आहे. मग पिंगुळीच्या चित्रकथींस काय म्हणावे? सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या या गावी ठाकर समाजातील कलावंत चित्रांची पाने एकामागून एक उभी धरून रामायण-महाभारतातील आख्याने गात आले. ती कला जगविणारे परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. दूर कशास, यवतजवळच्या भुलेश्वराच्या देवळात जाऊन पाहा. दौंडकर मंडळींस ते अगदी हाकेच्या अंतरावर आहे. तेथील भिंतींवर पुराणकथांचे प्रसंग दगडात कोरलेले आहेत. पुष्कळ मूर्ती भग्न आहेत, पण ओळीने पाहत गेले की पुढचा प्रसंग मनात आपोआप उभा राहतो. पिंगुळीची कला एका ज्ञातीने जपली, हा बोध आपण घेण्यासारखा आहे. ज्ञातिसंस्थेने सांभाळावयाचे ते हेच.

आणि ही कला केवळ बालरंजनापुरती आहे असेही कोणी समजू नये. आर्ट स्पिगेलमन याने आपल्या पित्याने भोगलेल्या नाझी छळछावण्यांची हकीकत ‘माउस’ या चित्रकादंबरीत सांगितली. तीत ज्यू हे उंदीर आणि जर्मन हे मांजर आहेत. पंचतंत्रात शोभावे असे हे रूप, आणि आतील प्रत्येक शब्द सत्य. त्या ग्रंथास १९९२ साली पुलित्झर सन्मान लाभला. आपल्याकडे २०११ साली निघालेल्या ‘भीमायन’मध्ये दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र रेखाटले आहे. १९०१ साली बाल भीमराव घरच्या इतर मुलांसह मसूर स्थानकावर उतरले. त्यांची जात कळताच गाडीवान मिळेना, आणि दुप्पट भाड्याने गाडी मिळाल्यावरही रात्रभर प्यावयास पाणी मिळाले नाही. या पुस्तकात चौकोनी चौकटी नाहीत. मवाळ माणसांचे बोल पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यांत आहेत, आणि विषारी बोलांच्या फुग्यास विंचवाची नांगी आहे. ही नांगी पाहताना आम्ही पुष्कळ वेळ थांबलो. आपल्या घरांतील बोलण्यास कधी तशी नांगी असते काय, हा प्रश्न ज्याचा त्याने आपल्याशी करावा. ज्ञातीचा अभिमान अवश्य बाळगावा, पण तो दुसऱ्या कोणाच्या तहानेवर उभा नसावा.

आता ज्या गोष्टीची आम्हांस खरी चिंता वाटते ती सांगतो. ‘इंद्रजाल’ आठशेंहून अधिक अंक काढून १९९० साली बंद पडले. ‘चांदोबा’ही २०१३ च्या सुमारास मावळला. अनंत पै यांच्या ‘अमर चित्रकथे’साठी राम वाईरकर आणि पुण्याचे प्रताप मुळीक यांच्यासारख्या मराठी चित्रकारांनी देवदेवता आणि वीरपुरुष साकारले, आणि मुळीकांच्याच हातून १९८६ साली ‘नागराज’ हा अद्भुत नायक जन्मला, पण तो हिंदी वाचकांसाठी. हात आपले, भाषा दुसरी. १९७१ पासून चालत आलेले ‘किशोर’ मासिक आहे ही समाधानाची गोष्ट. तथापि आमची नातवंडे आज जपानी चित्रकथा इंग्रजी अक्षरांत भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वाचतात. त्या चित्रकथा उत्तम आहेत, त्यांस आमचा विरोध नाही. दुःख एवढेच की, त्यांना आश्चर्य वाटते ते परक्या भाषेत, आणि मराठी उरते ती परीक्षेपुरती. ज्या भाषेत मुलाने कधी आ वासून पाहिले नाही, ती भाषा मोठेपणी त्याच्या जिवाची कशी होणार?

म्हणून मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, वसतिगृहाच्या वाचनालयात एक कपाट चित्रकथांचे असावे आणि त्यास कुलूप नसावे. दुसरी, दिवाळीच्या साफसफाईत जुने ‘चांदोबा’ आणि ‘इंद्रजाल’ रद्दीत न घालता मंडळाकडे द्यावेत. माळ्यावर पडलेल्या त्या गठ्ठ्यांतून एक चांगला संग्रह उभा राहील. तिसरी, पुढील वर्षीच्या स्मरणिकेत आठ पाने मुलांच्या हाती द्यावीत. घोडनदीपलीकडे निघोजला कुकडीच्या पात्रात प्रचंड रांजणखळगे आहेत आणि तेथे मळगंगेच्या घागरीची कथा सांगितली जाते. रांजणगावी महागणपती आहे, भीमेपलीकडे सिद्धटेक आहे, आणि प्रत्येक गावाच्या शिवेवर कोणी ना कोणी राखणदार आहे. विषयांस तोटा नाही. रेघ वाकडी आली तरी चालेल, फुग्यातील मराठी मात्र मुलांची स्वतःची असावी.

खर्चाचा प्रश्न निघेल म्हणून आधीच सांगतो की, त्या कपाटाचा खर्च आमच्याकडे लागला. कपाट भरण्याचे काम मात्र आपण सर्वांनी करावे.