पुढारी मत बदलतो तेव्हा

(चिखली येथे नवसाक्षरांच्या मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज मी निवडणुकीवर बोलणार आहे. मत कोणाला द्यावे, ते मी सांगणार नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे. मी बोलणार आहे एका भांडणाविषयी. हे भांडण दोन पक्षांचे नाही. ते एकाच उमेदवाराच्या दोन माणसांचे आहे.

निवडणूक जवळ आली की पारावर असे बोलणे ऐकू येते. एक म्हणतो, "भाऊ, आपला माणूस तर पलटला! मागच्या वेळी काय बोलला होता, अन् आता काय बोलू राहिला?"

दुसरा म्हणतो, "तुला काय कळते त्यातले? तो मोठा माणूस हाय. काही विचार करूनच बोलत असंल."

पहिला म्हणतो, "मग आपण काय मेंढरं हावो का, हाकलं तिकडं जायाले?"

एवढ्यावर आवाज चढतो. मग बोलणे उमेदवाराचे राहत नाही, एकमेकांच्या घरादाराचे होते. दोन शेजारी वर्षभर बोलत नाहीत. उमेदवाराला मात्र याचा पत्ताही नसतो.

आता विचार करू. पुढाऱ्याने मत बदलले, तर तो लबाड झाला का? की शहाणा झाला? दोन्ही असू शकते.

आपल्या शेतातलेच पाहा. मूग, उडीद पेरायचे असे आपण उन्हाळ्यात ठरवतो. मृग कोरडा जातो. पाऊस लांबतो. मग आपण बेत बदलतो, दुसरे पीक घेतो. त्याला कोणी लबाड म्हणत नाही. पण एखाद्याने बियाण्यासाठी म्हणून सोसायटीचे पैसे उचलले, आणि पेरलेच काही नाही, तर? त्याचाही बेत बदललाच. पण या दोन बदलांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पुढाऱ्यांचेही तसेच आहे. आपल्याच भागाशी नाते असलेल्या तीन पुढाऱ्यांच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट यशवंतराव चव्हाणांची. त्या काळी आपला बुलढाणा जिल्हा महाराष्ट्रात नव्हता, मध्यप्रदेशात होता. मराठी बोलणारी माणसे तीन राज्यांत वाटली गेली होती. सर्वांचे एक राज्य व्हावे, म्हणून 1953 साली नागपूर करार झाला. विदर्भाला योग्य वाटा मिळेल, विधानसभेचे एक अधिवेशन दर वर्षी नागपूरला भरेल, असे त्यात लिहिले होते. त्यावर यशवंतरावांची सही होती. म्हणजे ते संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचे होते.

पुढे दिल्लीचे मत वेगळे पडले. मुंबई महाराष्ट्राला द्यायला दिल्ली तयार नव्हती. लोक खवळले. तेव्हा 1955 च्या डिसेंबरात फलटणला यशवंतरावांनी भाषण केले. संयुक्त महाराष्ट्र आणि पंडित नेहरू यांतून एकच निवडायचे असेल, तर मी नेहरूंना निवडीन, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. त्यांच्याच माणसांना मोठा धक्का बसला. कोणी म्हणाले, हा फितूर झाला. कोणी म्हणाले, थांबा, दिल्लीशी भांडून राज्य मिळणार नाही, दिल्लीचे मन वळवून मिळेल, असा त्यांचा हिशेब आहे.

हा वाद केवळ तोंडाचा नव्हता. मुंबईत गोळीबार झाले. त्या आंदोलनात शंभराहून अधिक माणसे मेली. दिल्लीतले अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी 1956 साली मंत्रिपद सोडले. यशवंतरावांनी सोडले नाही. उलट 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठी आणि गुजराती मुलखांचे मिळून मोठे मुंबई राज्य झाले, त्याचे ते मुख्यमंत्री झाले. त्याच दिवशी आपला जिल्हाही मध्यप्रदेशातून त्या राज्यात आला.

मग 1957 ची निवडणूक आली. पश्चिम महाराष्ट्रातल्या मतदारांनी काँग्रेसला जबर तडाखा दिला. खुद्द यशवंतराव कराडला थोडक्या मतांनी वाचले. गुजरात आणि विदर्भ यांनी साथ दिली, म्हणून त्यांचे सरकार टिकले. पण लोकांचे मन काय आहे, हे त्यांना कळून चुकले. हे राज्य असे चालणार नाही, ही गोष्ट त्यांनी दिल्लीच्या गळी उतरवली. 1959 साली इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्षा होत्या. त्या वर्षी त्या पक्षात फेरविचार सुरू झाला. आणि 1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले.

पुढे 1962 साली निवडणूक झाली. विधानसभेच्या 264 जागांपैकी 215 जागा काँग्रेसला मिळाल्या. ज्यांनी पाच वर्षांपूर्वी पाठ फिरवली होती, त्यांतल्या पुष्कळांनी मत दिले असले पाहिजे.

यातून काय घ्यावे? जे यशवंतरावांबरोबर राहिले, ते म्हणतील, आमचा विश्वास खरा ठरला. जे त्यांना सोडून गेले, ते म्हणतील, आम्ही तडाखा दिला नसता तर त्यांचे डोळे उघडले नसते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पुढारी एकटा बदलत नाही. मतदार त्याला बदलवतो. पण त्यासाठी मतदार जागा हवा.

दुसरी गोष्ट लोकनायक बापूजी अण्यांची. ते यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे. विदर्भाचे वेगळे राज्य व्हावे, असे त्यांचे मत होते. महाराष्ट्र झाला, त्याचा उत्सव झाला, तरी त्यांचे मत हलले नाही. 1962 साली जिकडेतिकडे काँग्रेस जिंकत होती, तेव्हा वयाची ऐंशी ओलांडलेले बापूजी नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. त्यांचे म्हणणे पटो वा न पटो, ते कोठे उभे आहेत, हे सर्वांना ठाऊक होते.

तिसरी गोष्ट जांबुवंतराव धोट्यांची. विदर्भवीर म्हणून लोक त्यांना ओळखत. विदर्भ राज्यासाठी ते काँग्रेसशी लढले. 1971 साली नागपुरातून काँग्रेसला हरवून लोकसभेत गेले. आणि 1980 साली त्याच नागपुरातून, काँग्रेसच्याच तिकिटावर निवडून आले! त्यांच्या माणसांत तेव्हा वाद झाल्याशिवाय कसा राहील? सत्तेच्या जवळ गेल्यावर विदर्भ मिळेल, असे एक म्हणणार. ज्याच्याशी लढलो त्याच्याच घरात कसे गेलात, असे दुसरा विचारणार. पुढे ते काँग्रेसमधूनही बाहेर पडले. विदर्भाचे राज्य काही झाले नाही. येथे मागणी तीच राहिली, वाट मात्र बदलली.

पाहा, एक बदलून परत आले. एक हललेच नाहीत. एकाने वाट बदलली. तिघांना एकाच मापाने मोजता येत नाही. म्हणून नुसते "बदलला, बदलला" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. आणि "आपला आहे, म्हणून बरोबर आहे" हेही खरे नाही. धान्य चाळणीतून काढतो, तसे पुढाऱ्याचे बोलणे चाळून घ्यावे. त्यासाठी चार प्रश्न पुरेत.

पहिला प्रश्न. मत बदलले, हे त्याने उघड सांगितले का? की मी आधीपासून असेच म्हणत होतो, असे सांगतो? उघड सांगणाऱ्याशी वाद करता येतो. नाकारणाऱ्याशी काय बोलणार?

दुसरा प्रश्न. कारण काय दिले? पाऊस लांबला म्हणून पीक बदलले, की खुर्ची दिसली म्हणून?

तिसरा प्रश्न. या बदलात नफा कोणाचा, आणि तोटा कोण सोसणार? सगळा नफा त्याचा आणि सगळा तोटा आपला असेल, तर सावध व्हावे.

चौथा प्रश्न. तो सगळीकडे एकच बोलतो का? चिखलीत शेतकऱ्यांपुढे एक, शहरात व्यापाऱ्यांपुढे दुसरे आणि मुंबईत तिसरे, असे तर नाही ना?

हे प्रश्न आपल्याच उमेदवाराला आधी विचारावेत. विरोधकाला तर कोणीही विचारतो. आपल्या माणसाला विचारणे म्हणजे त्याचा द्रोह नव्हे. घरातली माणसे आपल्याला चार शब्द सुनावतात, ती काय आपली वैरी असतात?

आता कायद्याचे थोडे सांगतो. निवडून आल्यावर आमदार-खासदारांनी वाटेल तसा पक्ष बदलू नये, म्हणून 1985 साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला. त्यातूनही लोक पळवाटा काढतात, हे आपण पाहिले आहे. पण पक्ष तोच ठेवून वचन बदलले, तर त्याला कोणताही कायदा नाही. तेथे पहारा तुम्हालाच करायचा आहे.

हा पहारा कसा करायचा? येथे तुमच्या अक्षरओळखीचा उपयोग आहे. कानाने ऐकलेले विसरते. पुढारी म्हणतो, "मी तसे बोललोच नव्हतो," आणि आपण गप्प बसतो. पण कागद विसरत नाही. निवडणुकीत पत्रके वाटतात, जाहीरनामे येतात. आपण त्यांत भजी बांधतो. तसे करू नका. एक तरी पत्रक जपून ठेवा. त्यावर तारीख घाला. पाच वर्षांनी नवे पत्रक आले की दोन्ही शेजारी ठेवून वाचा. अडखळत वाचले तरी चालेल. काय गळले, काय नवे आले, त्याखाली रेघ ओढा. सभेत उमेदवार आला की नम्रपणे विचारा, "साहेब, हे मागच्या वेळी होते. आता का नाही?" मोठ्या आवाजापेक्षा हा लहानसा प्रश्न जड जातो.

आणि पारावर वाद झाला, तर तो कागद मध्ये ठेवून करा. म्हणजे बोलणे कागदाचे होईल, घरादाराचे होणार नाही. बायाबापड्यांनाही त्यात बसू द्या. त्यांचेही मत एक आहे आणि त्याची किंमत तुमच्या मताइतकीच आहे. शेवटी मत गुप्त असते. नवऱ्याचे बायकोला किंवा भावाचे भावाला कळण्याची गरज नाही. तेव्हा ज्याने त्याने आपल्या मनाला पटेल तसे करावे, आणि दुसऱ्याला तसे करू द्यावे.

उमेदवार पाच वर्षांनी येतो. शेजारी रोज भेटतो. रात्री-बेरात्री बैल सुटला, घरात कोणी आजारी पडले, तर धावून येणार तो शेजारी. उमेदवाराला जाब जरूर विचारा, पण त्याच्यापायी शेजारी तोडू नका.