कवीचें अक्षर आणि जुळाऱ्याचे खिळे

उत्तम पुस्तक म्हटलें कीं गुळगुळीत कागद, सुबक टाइप आणि सरळ ओळी डोळ्यांपुढें येतात. रशियांतील भविष्यवादी तरुण कवींना व चित्रकारांना नेमका या सुबकपणाचा वीट आला होता. १९१० सालीं त्यांनीं भिंतीला चिकटवावयाच्या नक्षीदार कागदाच्या पाठीवर एक संग्रह छापला. १९१२ च्या अखेरीस निघालेल्या दुसऱ्या संग्रहाचें वेष्टन तर चक्क गोणपाटाचें होतें!

ही केवळ श्रीमंती ग्रंथांची थट्टा असती, तर तिचें स्मरण कोणी ठेवलें नसतें. परंतु क्रुचोनिख व ख्लेब्निकोव्ह यांनीं १९१३ सालीं एक खरा प्रश्न पुढें मांडला. लिहितांना मनाची जी अवस्था असते ती हस्ताक्षरांत उतरते व वाचकापर्यंत पोंचते. मग प्रत्येक कवितेला शिशाच्या खिळ्यांचा एकच गणवेश कां चढवावा?

त्यांचा उपाय शिळाछापाचा. तेलकट शाईनें लिहिलेला मजकूर दगडावर उतरवावयाचा व दगड ओला करावयाचा. मग छापण्याची शाई अक्षरांवरच धरते. महाराष्ट्रांतील जुन्या पोथ्या अशाच छापल्या जात. मात्र तेथें अक्षर वळणदार हवें असे. येथें तें वांकडेंतिकडें असलें तरी जिवंत हवें होतें. ‘जग शेवटाकडून’ या १९१२ च्या पुस्तकाच्या २२० प्रती निघाल्या. गोंचारोवा या चित्रकर्त्रीनें कल्पिलेलें कागदी पान मुखपृष्ठावर कापून चिकटविलेलें असल्यामुळें एक प्रत दुसरीसारखी नाहीं.

पण २२० प्रतींनीं किती वाचकांचें भागणार? या मार्गाची मर्यादा येथेंच दिसते.

तिच्यापलीकडे गेला तो एल लिसिट्स्की. १९२३ सालीं बर्लिन येथें त्यानें मायकोव्हस्कीच्या तेरा कवितांचें ‘आवाजासाठीं’ हें पुस्तक सिद्ध केलें, आणि तेंहि टाकून दिलेल्या खिळ्यांतूनच. लिसिट्स्की शिक्षणानें वास्तुशिल्पी. पुस्तकांत त्यानें स्वतःचा निर्देश पुस्तकाचा ‘रचनाकार’ असा केला आहे. जुळारी जर्मन होता व त्याला रशियन भाषेचें अक्षरहि कळत नसे! तेव्हां लिसिट्स्कीनें पानापानाचा आराखडा काढून दिला आणि जुळाऱ्यानें पेटींतील लहानमोठीं अक्षरें, रेघा व पट्ट्या त्याबरहुकूम बसविल्या. तांबड्या व काळ्या शाईंत अक्षरांच्याच आकृती उभ्या राहिल्या. कविता मोठ्यानें म्हणावयाच्या, म्हणून कडेला व्यापाऱ्याच्या खतावणीसारख्या पायऱ्या कापल्या होत्या. हवी ती खूण पाहून अंगठा ठेवला कीं ती कविता उघडे.