मातीची शुश्रूषा



नागपूर, भंडारा, बालाघाट व छिंदवाडा या पट्ट्यातील मँगनीज ज्या खडकांत सापडते, त्यांना भूशास्त्रात ‘सौंसर समूह’ म्हणतात. आपल्या गावाचे नाव असे शास्त्रग्रंथांत गेले आहे. परंतु खनिज काढून झाले की खाणीपाशी टाकाऊ दगडमातीचे ढीग उरतात. त्यांत सेंद्रिय अंश नसतो, पाणी टिकत नाही, गवतही धरत नाही. उन्हाळ्यात त्यांची धूळ आणि पावसाळ्यात त्यांचा गाळ भोवतालच्या शेतांत उतरतो. पांढुर्णा-सौंसरच्या संत्राबागायतदारांनी याचा विचार करणे अगत्याचे आहे.

यावरील एक उपाय आपल्या शेजारीच करून पाहण्यात आला आहे. सावनेर तालुक्यातील गुमगाव येथे मँगनीज खाणीच्या ढिगांवर नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने साखर कारखान्यातील प्रेसमड मिसळली, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी यांची जोड दिली, आणि साग, शिसू यांसारखी झाडे वाढविली. मुळांनी माती बांधली गेली. पालापाचोळा साचून ती हळूहळू सकस होऊ लागली.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. काही झाडे धातूंना मुळांपाशी अडवून धरतात. मोहरीसारख्या काही वनस्पती मात्र ते शोषून पानांत व खोडांत साठवितात. एक नेचा मातीतील आर्सेनिक मोठ्या प्रमाणात ओढून घेतो, हे 2001 साली प्रसिद्ध झाले. तथापि शिसे, कॅडमियम ही मूलद्रव्ये आहेत. ती कुजत नाहीत, जाळल्याने नष्ट होत नाहीत. ती मातीतून निघाली, तरी झाडात उरतातच. म्हणून असे पीक गुरांपुढे टाकणे किंवा त्याचे खत करून पुन्हा शेतात घालणे म्हणजे केलेल्या श्रमांवर पाणी सोडणे होय. त्याची कापणी व विल्हेवाट तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच झाली पाहिजे.

हे काम एका हंगामाचे नव्हे. त्यास अनेक वर्षे लागतात. आरंभी माती तपासून घेतली नाही, तर पुढे काय सुधारले हे कळणार कसे? म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. खाणींलगतच्या शेतांचे मृदापरीक्षण अहवाल आपल्या ग्रंथालयाने वर्षानुवर्षे जतन करावेत. शंभर वर्षे ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्थेस हे कार्य सहज शोभेल, आणि पुढील पिढीच्या शेतकऱ्यास त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल.