मास मीडिया : पालकांनी घाबरू नये, पण चौकशी जरूर करावी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ‘बारावीनंतर काय?’ या परिसंवादात केलेले भाषण)



आधीच्या वक्त्यांनी इंजिनीअरिंग, मेडिकल आणि सी.ए.ची उत्तम माहिती दिली. माझ्या वाट्याला ‘मास मीडिया’ आलं, कारण माझी नात तेच शिकते आहे. जन्मभर बँकेत लेजर तपासलेला माणूस यावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण गेली दोन वर्षं तिचा अभ्यास मी जवळून पाहतोय.

योगायोग बघा. आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली आणि त्याच सुमारास मुंबई विद्यापीठाने बी.एम.एम. हा अभ्यासक्रम सुरू केला. २०१९ पासून त्याचं नाव बी.ए.एम.एम.सी. झालं, म्हणजे मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनमधली बी.ए. कला, वाणिज्य, विज्ञान, कुठल्याही शाखेतून बारावी झालेल्या मुलांना तो करता येतो. संवादकौशल्य, माध्यमांचा इतिहास, जाहिरात, जनसंपर्क, सिनेमा, संशोधन आणि माध्यमविषयक कायदे, असं सगळं त्यात येतं. पुढे पत्रकारिता किंवा जाहिरात यांपैकी एका बाजूला वळायचं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेता येते किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स.

आमच्या घरी यावर वादळ झालं होतं. चिरंजीव म्हणाले, “बातम्या वाचायला डिग्री कशाला?” सूनबाईंना वाटलं, मुलगी रात्री-अपरात्री कॅमेरा घेऊन फिरणार. प्रश्न वाजवी होते. त्याचं उत्तर मात्र आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरच मिळालं.

मागच्या वर्षी एका भंगारवाल्याचा फोटो फिरला, “मुलं पळवणारा, सावध राहा” म्हणून. गेटवर माणसं जमली, वॉचमनने बिचाऱ्याला अडवून ठेवलं. नात खाली गेली आणि तिने तीनच प्रश्न विचारले : फोटो कोणी काढला? कधी? कुठे? कुणालाच सांगता येईना. मग तिने तो फोटो मोबाइलवर शोधला, तर तो कित्येक वर्षं जुना आणि भलत्याच राज्यातला निघाला. फोटोतला माणूसही वेगळा! भंगारवाला पाणी पिऊन घरी गेला.

ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्या काळात देशभर फिरलेला मूल पळवण्याचा एक व्हिडिओ तर कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधून काढलेला होता. शेवटचा संदेश तेवढा कापून टाकला होता. कॅशियर जशी नोट उजेडात धरून बघतो, तशी बातमी धरून बघायला ही मुलं शिकतात. त्या दिवसापासून चिरंजीवांनी डिग्रीचा विषय काढलेला नाही.

आता मुलांसाठी दोन शब्द. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढलं, ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. शेजारी शेजारी दोन रकाने असत. तुमच्यापैकी बरेच जण इंग्रजी माध्यमातले. मराठीत धड एक पानही लिहिता येत नसेल तर इथल्या गावांत जाऊन बातमी कशी आणणार? रोज दोन वर्तमानपत्रं वाचा, एक मराठी आणि एक इंग्रजी. रील बनवता येते म्हणजे मीडिया येतो असं नाही. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, डेडलाइन घड्याळ बघत नाही, हेही मनाशी पक्कं करूनच या.

आणि पालकांनो, इथे माझ्यातला बँकवाला बोलतो. चकचकीत माहितीपत्रक बघून लाखांचा चेक फाडू नका. पदवी कुठल्या विद्यापीठाची, हे आधी लेखी विचारा. स्टुडिओ, कॅमेरे आणि एडिटिंगची मशिनं मुलांच्या हाती पडतात की काचेआडच राहतात, ते जाऊन बघा. गेल्या दोन बॅचमधल्या मुलांना इंटर्नशिप कुठे मिळाली ते विचारा. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर लक्षात ठेवा, हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात, पण व्याजाचं मीटर पहिल्या दिवसापासून चालू असतं. जमेल तसं व्याज मधेच भरत गेलात तर पुढचा बोजा हलका होतो.

आपल्या पिढीला नोकरी मिळाली की आयुष्य मार्गी लागत असे. या मुलांचं तसं नाही. मुलाने हा कोर्स मागितला तर लगेच ‘नाही’ म्हणू नका आणि लगेच ‘हो’ही म्हणू नका. त्याच्याबरोबर एकदा कॉलेजात जाऊन या. काही अडलं तर बी विंगमध्ये पहिल्या मजल्यावर मी आहेच. संध्याकाळी पाचनंतर या, चहा मिळेल.