जाहिरात गेली, पण बाई कुठे गेली?

(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



इंटरनेटवर देहविक्रयाच्या जाहिराती उघड दिसतात; त्या कायद्याने बंद कराव्यात असा ठराव मंडळाने सरकारकडे पाठवावा, अशी सूचना गेल्या सभेत आली. सूचनेमागील तळमळीविषयी मला शंका नाही. परंतु हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. मत देण्यापूर्वी त्याची हकीकत ऐकावी, एवढीच विनंती.

तेथे बॅकपेज नावाचे एक संकेतस्थळ होते. प्रौढ स्त्रिया आपल्या जाहिराती तेथे देत, आणि दलाल अल्पवयीन मुलींच्याही देत. मुलीचे कोवळे वय सुचविणारे शब्द तेवढे गाळून चालक अशा जाहिराती प्रसिद्ध करीत, असे सिनेटच्या चौकशीत जानेवारी २०१७ मध्ये उघडकीस आले. त्या मुली न्यायालयात गेल्या. पण दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी संकेतस्थळावर नाही, असा १९९६ चा कायदा आड आला. लोक संतापले, आणि ते योग्यच होते.

त्या संतापातून ‘फोस्टा’ नावाचा कायदा झाला. प्रतिनिधिगृहात ३८८ विरुद्ध २५ आणि सिनेटमध्ये ९७ विरुद्ध २ मतांनी तो संमत झाला. ११ एप्रिल २०१८ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. वेश्याव्यवसायाला चालना देण्यासाठी संकेतस्थळ चालविणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत, आणि गुन्हा गंभीर असल्यास पंचवीस वर्षांपर्यंत कैद ठरली. गंमत अशी की, बॅकपेज त्याच्या पाच दिवस आधीच, जुन्या कायद्यांच्या आधारे सरकारने ताब्यात घेतले होते!

आता परिणाम पाहा. संकेतस्थळांचे चालक घाबरले. क्रेगलिस्टने सिनेटच्या मतदानानंतर दोनच दिवसांत व्यक्तिगत जाहिरातींचा सगळा विभाग बंद केला. जाहिरातींबरोबर आणखी एक गोष्ट गेली. गिऱ्हाइकाला भेटण्यापूर्वी त्याचे नाव-गाव विचारणे, त्याच्याविषयी दुसरीकडे चौकशी करणे, मारहाण करणाऱ्यांच्या याद्या एकमेकींना कळविणे, हे सारे या बायका तेथेच करीत. त्या सोयी आटल्या. कित्येकींना पुन्हा रस्त्यावर उभे राहावे लागले, आणि ‘आता तुला माझ्यावाचून गिऱ्हाईक मिळणार नाही’ म्हणत दलाल परत आले, असे त्यांच्या संघटनांनी सांगितले. पोट तर थांबत नाही!

कोणी म्हणेल, निदान पळवलेल्या मुली तरी सुटल्या ना? अमेरिकी सरकारच्याच हिशेबतपासणी कार्यालयाने जून २०२१ मध्ये अहवाल दिला. नव्या फौजदारी कलमाखाली तोवर एकच खटला नोंदता आला. बाजार बंद झाला नाही. तो परदेशांतल्या संकेतस्थळांवर पांगला. पूर्वी पोलीस एका ठिकाणी जाहिराती चाळून मुलींचा माग काढीत आणि चालकाकडून पुरावा मागवीत. आता चालक परदेशी. तो दाद देईलच असे नाही. विंचू दिसू नये म्हणून दिवा मालवावा, तसे झाले.

या कायद्याविषयी शंका आधी कोणी बोलून दाखविली नव्हती असे नाही. खुद्द सरकारच्या न्याय खात्याने मतदानापूर्वी पत्राने सावध केले होते. पुढे २०१९ मध्ये रो खन्ना आणि एलिझाबेथ वॉरन यांनी या कायद्याचे परिणाम अभ्यासावेत असे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही.

भगिनींनो, याचा अर्थ मुलींना विकणाऱ्यांना मोकळे सोडावे असा नाही. ते हात बांधलेच पाहिजेत, आणि आपल्याकडे त्यासाठी १९५६ पासून कायदा आहे. परंतु मुलीला विकणारा आणि पोटासाठी उभी राहिलेली बाई यांना एकाच काठीने हाकले, तर काठी बाईच्याच पाठीवर बसते.

म्हणून माझी उपसूचना अशी: हा ठराव एक महिना पुढे ढकलावा. सांगलीला या बायकांचीच वेश्या अन्याय मुक्ती परिषद आहे. तिला पत्र लिहून, त्यांचे म्हणणे ऐकून मग काय मागायचे ते ठरवावे. हरवलेल्या मुलींचा तपास जलद व्हावा आणि सुटून आलेल्यांना निवारा व काम मिळावे, एवढे मात्र आजच मागू या. ज्यांच्यासाठी ठराव करायचा, त्यांना विचारण्यात आपला कमीपणा नाही.