मनोऱ्यातील माणूस आणि यंत्राची बुद्धी



लोहगावचा विमानतळ आमच्या सदाशिव पेठेपासून दहा-बारा किलोमीटर दूर असला, तरी त्याच्याशी पेठेचे नाते अलीकडे फार निकटचे झाले आहे. कारण ज्या घरांतील मुले पूर्वी फार तर मुंबईपर्यंत जात, त्याच घरांतील मुले-मुली आज बंगळुरात, दिल्लीत आणि समुद्रापलीकडील देशांत वास्तव्य करून आहेत, आणि त्यांच्या विमानांच्या वेळा पेरूगेटाच्या आसपासच्या वृद्ध मंडळींनाही मुखोद्गत असतात. अशाच एका घरातील आजींनी परवा मला रस्त्यात थांबवून विचारले, "नाना, विमान उतरवायची परवानगी देणारं मनोऱ्यात कुणी माणूस असतं ना? का तेही आता संगणकच करणार?" हवाई वाहतुकीच्या नियंत्रणात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याचे जे प्रयत्न जगभर चालू आहेत, त्यांविषयी वाचून त्यांच्या मनात ही शंका उत्पन्न झाली होती. अशा शंकेला अज्ञानातून आलेली भीती समजून बाजूस सारण्याची वृत्ती जाणत्या मंडळींत आढळते. मला मात्र ती शंका विषयाच्या मुळाशी जाणारी वाटते.

आज तेथे माणूसच असतो. ज्या लोहगावाला महाराष्ट्र तुकोबांचे आजोळ म्हणून ओळखतो, तेथील धावपट्टी भारतीय वायुदलाची आहे, आणि प्रवासी विमानांना उड्डाणाची व उतरण्याची अनुज्ञा देणारे नियंत्रकही वायुदलाचेच आहेत. सुमारे अडीच किलोमीटर लांबीच्या त्या एकाच पट्टीवरून सुखोई लढाऊ विमानेही उडतात आणि आमची नातवंडेही ये-जा करतात. नियंत्रकाचे काम दुरून पाहणाऱ्याला डोळ्यांचे वाटते. वस्तुतः ते मुख्यत्वे वाणीचे आणि श्रवणाचे आहे. अमुक उंचीवर राहा, अमुक दिशेस वळा, अमुक विमानाच्या मागून या, अशी प्रत्येक सूचना तो देतो, वैमानिक ती जशीच्या तशी परत उच्चारतो, आणि तो उच्चार बरोबर आहे की नाही हे नियंत्रकाने ऐकून घेतल्यावाचून तो व्यवहार पुरा होत नाही. शिवाय हे सर्व संभाषण ज्या लहरीवर चालते तीवर एका वेळी एकानेच बोलावयाचे असते. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही शब्द वाया जातात. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, तेव्हा थांबण्याविषयीचे मनोऱ्याचे शब्द आणि 'आम्ही अजून पट्टीवरच आहोत' हे दुसऱ्या विमानाचे शब्द एकाच क्षणी उच्चारले गेले, आणि जे विमान धावत सुटले होते त्याच्या कक्षात केवळ एक कर्कश आवाज पोहोचला. ५८३ माणसे त्या दिवशी गेली.

आमच्या पुणे जिल्ह्यालाही या इतिहासात एक दुःखद स्थान आहे. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर, बँकॉकहून मुंबईस येणारे अलितालिया कंपनीचे विमान जुन्नरच्या डोंगरात कोसळले आणि त्यातील ९४ जणांपैकी एकही वाचला नाही. मार्ग आजमावण्यात चूक झाली, आपण मुंबईच्या प्रत्यक्षाहून अधिक समीप आलो आहोत अशी वैमानिकाची समजूत झाली, आणि त्या समजुतीने त्याने विमान अवेळी खाली आणले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. वैमानिक विमान मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर उतरविण्याच्या तयारीत होता आणि प्रत्यक्षात त्याच्या पुढ्यात सह्याद्री होता. पुढे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हाही दिल्लीच्या रडारवर विमान कोठे आहे हे दिसत होते, पण ते किती उंचीवर आहे हे दिसत नव्हते. त्यासाठी वैमानिकाच्या शब्दावरच भिस्त ठेवावी लागे, आणि कझाक विमान नेमून दिलेली पंधरा हजार फुटांची उंची सोडून खाली आले होते. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर उंची दाखविणारे रडार आले, आणि समोरच्या विमानाची चाहूल घेऊन वैमानिकाला 'वर जा' किंवा 'खाली जा' असे सांगणारे यंत्र भारतीय आकाशात सक्तीचे झाले. यंत्राने माणसाच्या हातून काम काढून घेऊ नये असे सरसकट म्हणणाऱ्याने ही दोन स्थळे प्रथम आठवावीत. यंत्रांच्या त्या साहाय्यामुळे किती जीव वाचले याची गणना होऊ शकत नाही, कारण न झालेल्या अपघातांची नोंद कोणत्याच दफ्तरात राहत नाही.

नव्या यंत्रबुद्धीचेही उपयोग खरे आहेत. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचा मनोरा ८७ मीटर उंच असल्यामुळे ढग खाली आले म्हणजे तो स्वतःच ढगात बुडतो आणि नियंत्रकास धावपट्टी दिसेनाशी होते. तेव्हा कॅमेऱ्यांच्या चित्रांवरून विमान पट्टी सोडून बाहेर गेले की नाही हे ओळखणाऱ्या यंत्रणेची तेथे परीक्षा घेण्यात आली. वैमानिकाने परत उच्चारलेली सूचना मूळ सूचनेशी जुळते की नाही, हे ऐकून पडताळणाऱ्या यंत्रांवर जर्मनीत बरीच वर्षे संशोधन चालू आहे. लोहगावच्याच धावपट्टीवर १५ फेब्रुवारी २०२० रोजी एअर इंडियाचे दिल्लीस निघालेले विमान वेगात धावत असता वैमानिकास पुढे एक जीप आणि एक माणूस दिसला. त्याने विमान वेळेआधीच उचलले, शेपटीचा भाग जमिनीस घासला, आणि तरीही ते विमान दिल्लीस सुखरूप उतरले. त्या दिवशी पट्टीवरील अडथळा क्षणार्धात ओळखून मनोऱ्यास ओरडून सांगणारे एखादे यंत्र असते, तर वैमानिकावर तो प्रसंग कदाचित आलाच नसता. असे यंत्र मला हवे आहे, आणि ते लवकर हवे आहे.

मग चिंता कशाची? युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने २०२० मध्ये जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात यंत्रबुद्धीच्या तीन पायऱ्या कल्पिल्या आहेत: प्रथम ती माणसाला मदत करील, नंतर माणसाबरोबर मिळून काम करील, आणि शेवटी आपल्या अखत्यारीत निर्णय घेऊ लागेल. ब्रिटनमध्ये तेथील नियंत्रणसंस्था, ॲलन ट्युरिंग संस्था आणि एक्सेटर विद्यापीठ मिळून इंग्लंडच्या आकाशाची एक संगणकीय प्रतिकृती तयार करीत आहेत व तीत यंत्राकडून नियंत्रण करवून पाहत आहेत. पहिल्या पायरीविषयी लोकांची फारशी तक्रार नाही. एका पायरीवरून दुसरीवर आपण केव्हा चढलो हे कोणी सांगणार आहे की नाही, याची धास्ती त्यांना आहे, आणि ती मला सर्वस्वी रास्त वाटते.

कारण या पायऱ्या ठराव करून चढल्या जातातच असे नाही. त्या सवयीने चढल्या जातात. यंत्र हजार वेळा बरोबर ठरले म्हणजे हजार-एकाव्या वेळी त्याचे म्हणणे तपासून पाहण्याची माणसाची इच्छा क्षीण होते, आणि त्याच्या उलटही घडते: यंत्राचा इशारा पडद्यावर नित्य दिसू लागला की तो दिसेनासाच होतो. टोकियोच्या हानेदा विमानतळावर २ जानेवारी २०२४ रोजी उतरणाऱ्या प्रवासी विमानाची तटरक्षक दलाच्या विमानाशी धावपट्टीवर टक्कर झाली. जपान एअरलाइन्सच्या विमानातील ३७९ जण जळत्या विमानातून बाहेर पडले; तटरक्षक दलाचे पाच जण मात्र प्राणांस मुकले. पट्टीवर विमान असल्याचा इशारा नियंत्रकाच्या पडद्यावर रंगाने उमटला होता, तो कोणाच्या लक्षात आला नाही. त्यानंतर काही दिवसांतच तेथे काय तजवीज झाली? केवळ त्या पडद्यावर लक्ष ठेवण्यासाठी स्वतंत्र माणसाची नेमणूक झाली. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्याकडे तर्क नेमका उलट दिशेने चालण्याचा संभव आहे. देशात नियंत्रकांची संख्या अपुरी आहे, असलेल्यांवर कामाचा ताण आहे, हे संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये हवाई सुरक्षेचा आढावा घेताना नमूद केले आहे. अशा वेळी माणसांच्या रिकाम्या जागा भरण्याऐवजी यंत्र विकत घेणे सोयीचे वाटू लागेल. आणि जे यंत्र थकलेल्या माणसाचा सोबती म्हणून यावयाचे, ते त्याच्या बदली येईल.

दुसरी चिंता हात विसरण्याची आहे. नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दिल्ली विमानतळावर उड्डाणांचे आराखडे आपोआप पोहोचविणारी संदेशयंत्रणा बंद पडली आणि आठशेहून अधिक उड्डाणांना विलंब झाला. प्रवाशांचे हाल झाले, त्यांचा संताप आपण पाहिला; परंतु त्या दिवसांत नियंत्रकांनी तेच आराखडे हाताने हाताळून विमाने सोडली आणि उतरवली, आणि एकाही प्रवाशाच्या केसाला धक्का लागला नाही, या गोष्टीची जितकी वाखाणणी व्हावयास हवी होती तितकी झाली नाही. ते त्यांना जमले, कारण ते त्यांना येत होते. ज्या पिढीने हे काम हाताने कधी केलेच नसेल, त्या पिढीच्या पाळीत यंत्र थांबले तर काय होईल? यंत्राच्या जोडीला दुसरे राखीव यंत्र ठेवू, असे उत्तर मिळते. ब्रिटनमध्ये २८ ऑगस्ट २०२३ रोजी तशी राखीव यंत्रणा होतीच. एका उड्डाणाच्या आराखड्यात दोन ठिकाणांची सांकेतिक नावे सारखी निघाली, एक ठिकाण फ्रान्समधील आणि एक अमेरिकेतील. मुख्य यंत्रणा गोंधळून थांबली, आणि तिच्याच नमुन्याने घडविलेली राखीव यंत्रणाही त्याच जागी अडून त्याच रीतीने थांबली. सात लाखांहून अधिक प्रवासी खोळंबले. हे यंत्र साध्या, लिहून दिलेल्या नियमांवर चालणारे होते. म्हणून त्याचा दोष नेमका कोठे होता हे शोधून सांगता आले. स्वतः शिकणाऱ्या यंत्राच्या बाबतीत, त्याने अमुक निर्णय का घेतला, याचा खुलासा त्याच्या कर्त्यांनाही पुष्कळदा करता येत नाही.

आणि येथे मी माझ्या मुख्य म्हणण्याशी येतो. आपण कोणास कुलमुखत्यारपत्र देतो तेव्हा आपला अधिकार त्याच्या हाती सोपवितो खरा, पण तो काढून घेण्याची मुभा आपल्याकडे राहते, आणि मुखत्याराने काय केले व का केले हे त्यास न्यायाधीशापुढे उभे करून विचारता येते. यंत्राला असे उभे करता येत नाही. म्हणून ज्या शब्दावर शे-दोनशे जीव अवलंबून आहेत, तो शब्द अखेरीस अशा व्यक्तीने उच्चारला पाहिजे की जिला उद्या विचारता येईल आणि जिला उत्तर देता येईल. मुंबईत ८ जून २०२४ रोजी एक विमान उड्डाणासाठी धावत असतानाच त्याच धावपट्टीवर दुसरे उतरले. संबंधित नियंत्रकास तत्काळ कामावरून दूर करून चौकशी सुरू झाली. निर्णय यंत्राचा असता तर दूर कोणास केले असते?

यावर कोणी म्हणेल की उत्तरदायित्वाच्या नावाखाली आपण एका गरीब नियंत्रकाचा बळी देऊ इच्छितो. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तसे घडले आहे. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील उबरलिंगेन गावावर दोन विमानांची टक्कर झाली. विमानातील यंत्र रशियन वैमानिकास 'वर जा' म्हणत होते, नियंत्रक 'खाली या' म्हणत होता. वैमानिकाने माणसाचे ऐकले, दुसऱ्या विमानाने यंत्राचे ऐकले, दोन्ही विमाने खालीच आली, आणि ७१ जीव गेले, ज्यांत बहुसंख्य मुले होती. यंत्र बरोबर होते. नियंत्रक मात्र त्या रात्री दोन जागांचे काम एकटा पाहत होता, त्याचा सहकारी विश्रांतीस गेला होता, आणि टकरीचा पूर्वइशारा पडद्यावर देणारी यंत्रणा व दूरध्वनीची मुख्य जोडणी दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली होती. दोन वर्षांनी आपली पत्नी व मुले गमावलेल्या एका पित्याने त्या नियंत्रकाचा खून केला. स्विस न्यायालयाने पुढे २००७ मध्ये दोषी ठरविले ते त्या नियंत्रकाच्या स्विस संस्थेतील चार अधिकाऱ्यांना. पाळीत माणूस एकटा का ठेवला, दुरुस्तीची वार्ता त्यास का दिली नाही, हे वरच्या खुर्चीत बसणाऱ्यांना विचारले गेले, हे मला त्या भयंकर प्रकरणातील न्यायाचे एकमेव चिन्ह वाटते. यंत्र आणणाऱ्यांचीही जबाबदारी अशीच वरपर्यंत पोहोचली पाहिजे. आणि माणूस व यंत्र परस्परविरुद्ध बोलू लागले तर कोणाचे ऐकावयाचे, हे अपघातानंतरच्या चौकशीत न ठरता आधी, लेखी आणि सर्वांस ठाऊक असे ठरले पाहिजे.

आमच्या जिल्ह्यात पारगाव, वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण आदी गावांच्या शिवारात पुरंदरचा नवा विमानतळ व्हावयाचा आहे. त्यासाठी जमिनी मागितल्या जात आहेत, आणि ज्यांच्या जमिनी आहेत त्यांचा विरोधही आहे. त्या वादात मी आज शिरत नाही. तेथे मनोरा उभा राहील तेव्हा लोहगावचे लष्करी आकाश आणि पुरंदरचे नागरी आकाश एकमेकांस लागून असतील, नवनवी यंत्रे तेथे प्रथम येतील, आणि ती आणण्याचे करार आजच्याप्रमाणेच बंद दालनात होतील. प्रत्येक पाळीत किती नियंत्रक असतील, यंत्र बंद ठेवून हाताने काम करण्याचा सराव त्यांना किती वेळा दिला जाईल, राखीव यंत्रणा मुख्य यंत्रणेची नक्कल असेल की वेगळ्या घडणीची, यंत्राने दिलेल्या प्रत्येक सल्ल्याची नोंद किती काळ जपली जाईल आणि ती कोणाच्या ताब्यात राहील, हे प्रश्न सुरक्षेचे गुपित उघड करणारे नाहीत. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली साध्या अर्जाने ते विचारता येतात, आणि निविदा निघण्यापूर्वी ते विचारले जावेत, अशी माझी पुण्यातील नागरिकांस कळकळीची विनंती आहे.