आधी चासी, मग रंग

मी तंजावूरचा मराठी. फौजेतून निवृत्त झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये एक गंजलेली जुनी महिंद्रा पिकअप दुरुस्त करतोय. येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘‘रंग कोणता देणार?’’ मी म्हणतो, रंग शेवटी.

आमच्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मान्सूनचा पाऊस. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज धरतोच. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचा रंग फुगतो. असा फुगवटा दिसला की चासीवर हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत. बद्द आला तर आतून खाल्लेलं. तिथे पुट्टी भरू नका. सडका भाग कापून तेवढ्याच जाडीचा पत्रा वेल्ड करा. पोत्यांचं ओझं चासी पेलते, रंग नाही.

इंधनाची टाकी रिकामी असली तरी घरी वेल्ड करू नका. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो. ब्रेकच्या गंजलेल्या नळ्या थेट बदला. पेडल जोरात दाबलं की नेमक्या तेव्हाच त्या फुटतात.

आणि चासी नंबरावर ग्राइंडर फिरवू नका. तपासणीत तो कागदांशी ताडून पाहतात. इथल्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवलेला मराठी शिलालेख आजही उभा आहे. तो दगड आहे. लोखंडावरची अक्षरं मात्र आपणच जपायची.